पोटातल्या मोटारी

लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्याकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. मी बारावी सायन्स होते. दुसऱ्या खेपेला पास झाले होते आणि बायॉलॉजीत अगदी काठावर, पण हे मी सासरी कुणालाच सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांच्यापासून लपवायचं होतं ती माणसं आता नाहीत.

घरात कुणाला ताप आला, जुलाब लागले, बोट कापलं की सगळे माझ्याकडे बघत. मीही कपाळाला आठ्या घालून, "अं... बघू जीभ," म्हणत असे. जीभ बघून काय कळतं ते मला ठाऊक नव्हतं. बघितल्यावर जरा वेळ थांबायचं असतं, एवढंच ठाऊक होतं.

माझ्या सासूला यातलं काही पटत नसे. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवले म्हणणारी बाई ती. तेल-हळदीचा धवला वेगळा, मांडवाचा वेगळा, नवरी निघतानाचा वेगळा. त्यातलं काहीएक लिहिलेलं नाही, सगळं तिच्या डोक्यात. पुढं बसून ती ओळ म्हणायची आणि मागच्या बायका ती झेलून पुन्हा म्हणायच्या. लग्नघरची माणसं नारळ-सुपारी घेऊन तिला बोलवायला यायची, आणि ती आल्याशिवाय हळदीला हात लागत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती मला म्हणाली होती, "माज्या मागं बस गो. निस्तं झेलायचा. येल तुना."

मी काय उत्तर द्यावं? मी म्हणाले, "आई, मला अभ्यास आहे."

कसला अभ्यास, हे देवालाच माहीत. कॉलेज सुटून तीन वर्षं झाली होती. पण चटईवर बसून बायकांच्या घोळक्यात गाणं म्हणणं म्हणजे अडाणीपणा, असं त्या बावीस वर्षांच्या शहाणीला वाटायचं. सासूनं पुन्हा कधी विचारलं नाही. आमचं भांडण नव्हतं, पण दोघींमध्ये एक उंबरठा राहिला. ती तिकडं, मी इकडं. वीसएक वर्षं असंच चाललं.

मग तिच्या छातीत जळजळायला लागलं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. तिची साठी झाली होती. लग्नसराईत तासन्‌तास मांडी घालून बसून गुडघे धरले, म्हणून तिनं दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या. त्यात लग्नघरची जेवणं. तिखटजाळ मटण, तेही अवेळी. आंबट पाणी घशाशी यायचं, आणि गाता गाता मध्येच ती पदर तोंडाला लावायची. तेव्हा तिला भिवंडीत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुखण्याची गोळी आणखी दहाच दिवस घ्यायला सांगितली आणि सोबत एक कॅपसूल लिहून दिली. "सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी अर्धा तास. एक महिना."

पंधरा दिवसांत तिची जळजळ गेली. गुडघ्याची गोळीही सुटली, तिच्या जागी तेलाचं मालीश आलं. महिना संपला. आणि मी कॅपसूल चालूच ठेवली.

का, ते सांगते. हसू नका.

रोज सकाळी गावातल्या लूमवर, यंत्रमागांवर, शिफ्ट बदलायची तेव्हा मी पाण्याचा पेला आणि कॅपसूल घेऊन तिच्या खाटेशी जायची. ती उठून बसायची, लहान पोरीसारखा आ करायची, आणि गिळून झाल्यावर म्हणायची, "झाला गो डाक्तरीणबाय." वीस वर्षांत पहिल्यांदा तिला माझ्याकडून काहीतरी लागत होतं. मग पुढचा अर्धा तास खायचं नाही म्हणून आम्ही दोघी तिथंच बसायचो. कुणाच्या गोदामाला किती भाडं आलं, कुठल्या सुनेनं काय दिवे लावले, नणंदेच्या घरी काय शिजलं. त्या अर्ध्या तासात तो उंबरठा नसायचा.

मग एक महिना कसा पुरणार? नाक्यावरचा मेडिकलवाला लांबूनच विचारायचा, "भाभीजी, अम्माजी की कॅपसूल?" मी मान हलवायची. चिठ्ठी त्यानं कधी मागितली नाही आणि मी कधी दाखवली नाही. पहिली चिठ्ठी मात्र मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. बारावी सायन्सची माणसं कागद टाकत नाहीत. वाचतही नाहीत, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या वर्षी श्रावणात गडबड झाली. माझी नणंद पडघ्याला दिलेली. ती माहेरी आली होती. सकाळचा आमचा कार्यक्रम बघून म्हणाली, "आय, त्या गोलीचा वरचा टोपन हाडांचा बनवतान. आमच्या शेजारचा कंपौंडर सांगत व्हता."

सासूनं तोंडातली कॅपसूल तळहातावर काढली.

"हाडांचा? सरावनान मना हाड चारतंस?"

"आई, बोंबलालाही हाड असतंच की."

"सरावनान बोंबील खाते का मी? बोल, खाते का?"

नणंद गालात हसत होती. माझी अब्रू पणाला लागली होती. मी म्हणाले, "त्यात काय एवढं? टोपण काढून टाकू. औषध आत असतं." कॅपसूल उघडली तर आत खसखशीएवढे पांढरे दाणे. सासू म्हणाली, दाताखाली कचकचतील. म्हणून मी ते खलात घेतले, पिठासारखे बारीक कुटले, मधात कालवले आणि चाटवले. स्वतःवर इतकी खूश झाले की दुपारी शेजारच्या दोघींना बोलावून कृतीही सांगितली.

चार दिवसांत तिची जळजळ परत आली, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट.

मी दोष दिला साबुदाण्याला. तो बंद करून वरी सुरू केली. मग वरीला दोष दिला. सासूनं मला दोष दिला. "तुज्या हाताला गुन न्हाय." श्रावण संपला, पुन्हा अख्खी कॅपसूल सुरू झाली, आणि आठवड्याभरात पोट शांत. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग मी सगळ्यांना ठणकावून सांगायला लागले, "बघा, गोळी नीट गेली नाही की आईंना लगेच त्रास होतो. त्यांना ती जन्मभर लागणार." आमचे हे मान डोलवायचे. त्यांचंही सायन्स माझ्याइतकंच होतं.

अशी सात वर्षं गेली.

त्यातल्या शेवटच्या दोनएक वर्षांत सासू हळूहळू बदलत गेली. आमटीत दोनदा मीठ पडायचं. मला नणंदेच्या नावानं हाक मारायची. पायाला मुंग्या येतात म्हणायची. एकदा नाक्यावरून परत आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठं गेली हे तिला कळलंच नव्हतं. पोरं हसली. तीही हसली. मीही हसले.

मग पडघ्याचं लग्न आलं. नणंदेच्या दिराची मुलगी. सासू पुढं बसली, धवला सुरू झाला, आणि मध्येच थांबला. तिनं पुन्हा मागची ओळ घेतली. पुन्हा तिथंच अडली. मागच्या बायका हुशार, त्यांनी तीच ओळ तीनदा घोळवली आणि पुढच्या कडव्यावर उडी मारली. मांडवात कुणाला काही कळलं नाही. तिला कळलं.

परतताना जीपमध्ये ती खिडकीशी बसली. मग म्हणाली, "मदला कडवा गेला."

"कुठं गेला?"

"मना ठाव असता तं आनला नसता?"

त्यानंतर नारळ घेऊन माणसं आली की ती सांगायची, "पाय दुकतान रे बाला, दुसरी बग." नारळ परत जायचा. माणसं गेली की ती मागच्या पडवीत जाऊन बसायची आणि बोटांवर काहीतरी मोजायची. मी एकदा दाराआडून ऐकलं. ती कडवी मोजत होती. तिसऱ्या बोटावर अडली की पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात. सगळे म्हणत होते, वय झालं. मीही म्हणत होते. पण ती बोटं बघितल्यापासून मला कळलं होतं की ती तिच्या जन्माची कमाई अशी बोटांतून गळताना बघते आहे. आणि तिच्यानंतर ते धवले पुरे येणारं कुणी नव्हतं. ज्या एकीला तिनं मागं बस म्हटलं होतं, तिला अभ्यास होता.

मी माझ्या परीनं उपाय करत होते. बदाम, ब्राह्मी, टॉनिक. कॅपसूल तर होतीच. निदान पोटाचं तरी बरं आहे ना, असं स्वतःला समजावत होते.

पायांच्या मुंग्यांसाठी कुणीतरी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांचं सुचवलं. तिला घेऊन गेले. पहिल्या कुंडात मी बोट बुडवलं आणि चटकन मागं घेतलं, एवढं कढत. मी म्हणाले, "आई, थांबा, दुसरं बघू." मी वळून टॉवेल काढीपर्यंत तिनं लुगडं सावरून दोन्ही पाय आत सोडले होते.

"आई! भाजेल!"

"कुटं भाजतं? पानी कोमट पन न्हाय. लोकं उगाच सांगतान."

मी तिचे पाय वर ओढले. घोट्यापर्यंत लालभडक झाले होते. ती पायांकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मग माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडाशी एकही उपाय आला नाही.

दुसऱ्या दिवशी नणंदेनं पडघ्याला एका डॉक्टरीण बाईंकडे नेलं. नवीनच दवाखाना टाकलेला. आमच्या मुलीच्या वयाची पोरगी. मी मनात म्हटलं, ही काय सांगणार मला.

तिनं आधी भाजलेल्या पायांना मलम लावलं. मग सासूला डोळे मिटायला सांगून पावलाला टाचणी टोचली. "कळतं का आजी?" सासू म्हणाली, "टोच तं आदी." टोचून झालं होतं. मग तिला पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. ती वाऱ्यावरच्या काठीसारखी झुलली, मी धरलं. मग तिनं जीभ बघितली. गुळगुळीत, लाल, वरचा खरखरीतपणा गेलेली. इतकी वर्षं जिभा बघत होते मी, आणि ही मला दिसली नव्हती.

"औषधं काय काय चालू आहेत?"

मी पिशवी पुढं केली. तिनं कॅपसूलची पट्टी उचलली. "ही कधीपासून?"

"तशी... पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"सात वर्षं."

"कुणी सांगितलं सात वर्षं द्यायला?"

मी जपून ठेवलेली चिठ्ठी काढून दिली. मला वाटलं, कागद बघून तिचं समाधान होईल. तिनं वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवून ती माझ्याकडे वळवली. एक महिना. अक्षर डॉक्टरांच्या मानानं फार सुरेख होतं.

त्या पोरीनं आवाज चढवला नाही. सासूकडे वळून ती समजावायला लागली. "आजी, पोटाच्या आतल्या बाजूला बारीक बारीक मोटारी असतात. शेतावर पाण्याची असते ना, तशा. खाणं आलं की त्या सुरू होतात आणि आम्ल ओततात, खाणं पचवायला. ही गोळी त्या मोटारींना कुलूप घालते."

"माज्या पोटान मोटारी हायेत?"

"हजारोंनी."

"आनि लाईट जाते तवा?"

त्या वर्षांत आमच्याकडे दिवसातून कितीदा तरी लाईट जायची. डॉक्टरीण हसली. "तेव्हाही चालतात. म्हणून तर कुलूप लागतं. गोळी आधी आतड्यात जाते, तिथून रक्तात, आणि रक्तातून त्या मोटारींपाशी. ज्या मोटारी चालू असतात त्यांनाच ती नीट पकडते. म्हणून खाण्याआधी अर्धा तास. कुलूप लागलेली मोटार परत सुटत नाही, पण शरीर दोनचार दिवसांत नव्या बनवतं. म्हणून रोज घ्यायची."

मला राहवलं नाही. श्रावणातल्या खलाची गोष्ट मी सांगून टाकली. वाटलं, निदान त्याचं तरी कौतुक होईल.

"कुटलेत?" ती म्हणाली. "अहो काकी, त्या प्रत्येक दाण्याला लेप असतो. पोटातल्या आम्लात हे औषध टिकत नाही, म्हणून लेप लावून आतड्यापर्यंत पोचवायचं असतं. लेप फुटला की औषध पोटातच नासतं."

"म्हणजे श्रावणात त्यांना औषध मिळतच नव्हतं?"

"जवळजवळ नाहीच. आणि वर्षभर कुलूप लावून ठेवलेलं एकदम काढलं की मोटारी सूड घेतात. काही आठवडे आधीपेक्षा जास्त आम्ल सुटतं. तुम्हाला वाटलं, आजीबाईंना गोळीवाचून चालत नाही. ती जळजळ गोळी अचानक सुटल्याची होती."

म्हणजे दरवर्षी मी खलात कुटून पुरावा तयार करत होते आणि त्याच पुराव्यावर पुढचं वर्षभर गोळी देत होते. सांगा आता, हे बारावी नापासाला जमलं असतं का?

मग ती पायांवर आणि विसरण्यावर आली. मासळीत, अंड्यात, दुधात एक जीवनसत्त्व असतं, बी-बारा. नसांना आणि मेंदूला ते लागतं. पण ते खाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, आणि सोडवायचं काम पोटातलं आम्ल करतं. आम्ल वर्षानुवर्षं बंद ठेवलं तर ते सुटत नाही, तसंच पुढं निघून जातं.

सासू विचारात पडली. "म्हंजे माजे सात वर्सांचे बोंबील फुकट गेले?"

"सगळे नाही, पण पुष्कळ."

"आनि खाडीतल्या निवट्या?"

"निवट्यासुद्धा."

सासूनं माझ्याकडे असं बघितलं, जणू सात वर्षांचा बाजार मी खाडीत ओतला होता.

डॉक्टरीण म्हणाली, "नुसत्या गोळीचंच हे असेल असं मी म्हणत नाही. वयानंही पोटातलं आम्ल कमी होतं. रक्त तपासल्यावर कळेल." हाडांचंही तिनं विचारलं, पडल्या होत्या का, कुठं मोडलं होतं का, पायात गोळे येतात का. फार वर्षं घेतली तर हाडं ठिसूळ होऊ शकतात, रक्तातलं मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. मग माझं तोंड बघून म्हणाली, "काकी, गोळी वाईट नाही. ज्याच्या पोटात व्रण झालाय, रक्त पडतंय, त्याचा ती जीव वाचवते. काहींना खरंच कायमची लागते. आजींना ती दुखण्याच्या गोळ्यांसाठी राखण म्हणून दिली होती. गोदाम कधीच रिकामं झालं, तुम्ही वॉचमन ठेवून घेतलात."

रक्ताचा रिपोर्ट आला. बी-बारा फारच खाली होतं. इंजेक्शनं सुरू झाली, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. मी बाहेर येताना हळूच विचारलं, "त्यांची गाणी परत येतील?"

"पुष्कळ परत येईल. सगळं येईलच असं नाही सांगत. फार दिवस गेलेत, काकी."

घरी आल्या आल्या मी काय केलं असेल? उरलेल्या सगळ्या पट्ट्या उकिरड्यावर फेकल्या. डॉक्टरणीनं कमी कशी करायची ते कागदावर लिहून दिलं होतं, पण पश्चात्ताप झालेल्या माणसाला कागद दिसत नाही. चौथ्या दिवशी सासू छाती चोळत म्हणाली, "सरावन आयला का गो?"

फोनवर त्या पोरीनं मला चांगलंच झापलं. मग पुन्हा पट्टी आणली. एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मधल्या दिवशी जळजळलं तर पुदिन्याच्या वासाचं पांढरं पातळ औषध. ते मोटारींना हात लावत नाही, आधीच ओतलेलं आम्ल तेवढं निववतं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. संध्याकाळचं जेवण लवकर, आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. दोन-अडीच महिन्यांत कॅपसूल सुटली.

सकाळी पेला घेऊन जायचं कारणही सुटलं.

पहिल्या दिवशी मी तरीही गेले, रिकाम्या हातानं. ती उठून बसली होती. मी तिच्या पायांशी टेकले आणि म्हणाले, "आई, चूक माझी आहे. एक महिना सांगितलं होतं. मी वाचलंच नाही."

ती पाय पुढं करून बोटं हलवत होती. हे तिचं नवीन खूळ होतं, बोटं कळतात का ते बघायचं.

"जलजल तं पयल्याच महिन्यान गेली व्हती," ती म्हणाली.

"मग तुम्ही घेत का राहिलात?"

"तू आनायचीस."

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले.

"सकाली तू येचीस, बसायचीस, बोलायचीस. गोली न्हाय म्हटली असती तं आली असतीस का? तुना अभ्यास!" आणि तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. "आता रडतंस कशाला? चाय आन जा. दोगींना आन."

तेव्हापासून चहा सुरू झाला.

गाणी सावकाश आली. एका दुपारी लाईट गेली. आमच्याकडे लाईट गेली की गावभरचे लूम एकदम थांबतात, आणि इतकी शांतता होते की कान दुखतात. त्या शांततेत पडवीतून तिचा आवाज आला. ती बोटं मोजत नव्हती. म्हणत होती. तिसऱ्या बोटापाशी आवाज अडेल म्हणून मी चुलीपाशी कान देऊन उभी राहिले. आवाज थबकला, दोनदा मागं गेला, आणि पुढं सरकला. मी पदरानं तोंड दाबून घेतलं. मग जाऊन तिच्या मागं बसले. तिनं वळून बघितलं नाही. ओळ म्हटली आणि थांबली. मी झेलली. सूर कुठल्या कुठं गेला.

"म्हस वरडते का कं?" ती पुढं बघतच म्हणाली, आणि दुसरी ओळ घेतली.

पुढच्या लग्नसराईत दिघाशीहून नारळ आला. तिनं तो परत केला नाही, हातात धरून बराच वेळ बसून राहिली. लग्नाच्या दिवशी ती काठी टेकत मांडवात गेली. पायांची जाण पुरती कधी आलीच नाही, काठी शेवटपर्यंत राहिली. ती पुढं बसली, मी मागच्या बायकांत. पडघ्याला अडला होता तोच धवला. मधलं कडवं जवळ आलं तेव्हा मी तिच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलली नाही. ओळी एकामागून एक आल्या, बायकांनी झेलल्या, आणि धवला शेवटाला गेला.

परतताना जीपमध्ये मी तिचा हात धरून म्हणाले, "आई, सगळं परत आलं की हो!"

"न्हाय आला."

"अहो, मी ऐकलं ना. कुठंच अडला नाहीत."

"चार ओली न्हायच आल्या. लय शोदल्या. मंग मीच घातल्या, माज्या."

"कुठल्या चार?"

ती खिडकीबाहेर बघत हसली. "वलख."

मला ओळखता आलं नाही. कसं येणार? जुना धवला मी कधी नीट ऐकलाच नव्हता. पुढं चारपाच वर्षं ती गात राहिली, मी मागं बसून झेलत राहिले, आणि कितीदा विचारलं तरी तिनं सांगितलं नाही. ती गेल्यावर माझ्याबरोबर मागं बसणाऱ्या दोघीजणी पुढं बसायला लागल्या. त्यांनाही तो धवला तसाच येतो, तिच्या चार ओळींसकट. आता मी त्यांच्यामागं बसते. ते कडवं आलं की झेलायचं सोडून ऐकत राहते, आणि येणारी प्रत्येक ओळ मला तिचीच वाटते.